बाटलीवरच्या मुलीसाठी

मी खाली सही करणार, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शक्तिवर्धक काढा विकणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले, पण अक्कल जागेवर आहे. ती उशिरा आली, एवढेच.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी. धाकट्या भावाने त्यावर डोळा ठेवू नये. त्याने माझ्या पाठीमागे काढ्यात पाणी वाढवले. त्याने गिऱ्हाइकांचे भलेच झाले असेल, पण मला विचारायला हवे होते.

२. तांब्याचे पातेले भंगारात द्यावे. बुचे बसवायचे यंत्र सोडावाल्याला द्यावे. तो बिचारा सोडा म्हणून सोडाच विकतो. लेबलांचे ठसे मी काल हातोडीने फोडले.

३. काढ्याची गुप्त कृती : करपवलेली साखर, पाणी, थोडी दारू आणि काडेचिराईत. कडू लागल्याशिवाय माणसाला औषध घेतल्यासारखे वाटत नाही. संपली कृती.

४. लेबलावरची मुलगी म्हणजे माझी लेक. सातव्या वर्षी ती तापाने फणफणली होती. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी सहा दिवस खेटे घालून तिला वाचवले. ती उठून बसली तशी मी तिच्या हातात बाटली दिली, फोटो काढला आणि खाली छापले, ‘या काढ्याने वाचले.’ डॉक्टरांनी ते वाचले, तरी तिला तपासायला येत राहिले. मला लाज वाटली नाही. आता वाटते, तर ते नाहीत.

लेकीला मात्र ते छापलेलेच खरे वाटत आले. तिला मधुमेह आहे, नजर अंधुक झाली आहे. दवाखान्याच्या गोळ्या सोडून ती दोन्ही वेळा माझा साखरेचा पाक पिते. मी बाटल्या मोरीत ओतल्या, तिने काही लपवल्या. सगळे सांगितले, तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही दमलात. तुमच्या हातचं मला कधी बाधलंय का?”

माझे नाही, पण कायद्याच्या कागदाचे तरी ती ऐकेल, म्हणून हा खटाटोप.

५. सह्यांआधी शेजारच्या शिंप्याने वरचे सगळे तिला मोठ्याने वाचून दाखवले. मी शुद्धीत असल्याचा दाखला तिच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर दिला. लेक खूप रडली. माझे डोके फिरले म्हणून रडली. मग डोळे पुसून चाचपडत कपाटापाशी गेली, बाटली काढली आणि मला बरे वाटावे म्हणून दोन चमचे ओतून आणले. मी तोंड उघडले.

सही : काढेवाला, लेकीचा बाप
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी २. डॉक्टरीणबाई
ठिकाण : दुकानामागची खोली
तारीख : ११ जानेवारी, सोमवार