मेंदीतल्या बुलबुलांचा सत्कार

जुळे सोलापूर, रविवार

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या जोतीरामचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? सांगोल्यात टँकर वेळेवर येतोय ना? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. (पत्राला मध्येच तोडता येत नाही, एवढं सुख पुरे.)

इथल्या बागेत मेंदीच्या कुंपणात लालबुड्या बुलबुलांनी घरटं केलं होतं, ते तुला ठाऊक आहेच. चहाच्या कपाएवढं, आत तीन पिल्लं. तुझी नात संस्कृती रोज फोन करून त्यांची खबर विचारायची. मी सकाळी समोरच्या बाकावर बसायचो. नवरा-बायको दोघंही किडे आणून भरवायची. शेपटीखालचा तो लाल ठिपका दिसला की माझा दिवस बरा जायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं बघण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

चूक एवढीच झाली, की मी ही गोष्ट उदयसिंहांच्या कानावर घातली. हे आमच्या फिरायच्या मंडळाचे अध्यक्ष. माणसाला सत्काराचा नाद आहे. (मागं बागेतला नळ दुरुस्त झाला, तेव्हा नळाला हार घातला होता.) म्हणाले, "जोतीराम, असा पक्षीमित्र हुडकून सापडायचा न्हाय. तुमचा सत्कार करायलाच पायजे की." अशा वेळी दोनदा नको म्हणायची आपल्यात रीत आहे, ती मी पाळली.

आदल्या संध्याकाळी, घरटं सगळ्यांना दिसावं म्हणून, त्यांनी मेंदी छाटून घेतली. फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा गाडीच्या चाकाएवढा, आणि कोपऱ्यात बुलबुल म्हणून पोपट छापलेला. सकाळी हलगी वाजली, फटाके उडाले, आणि बुलबुल जे उडाले ते तारेवर बसून ओरडत राहिले. मला फेटा बांधला, अंगावर चादर घातली. मग 'पक्षी वाचवा' या विषयावर भाषण सुरू झालं. घरटं खरंच सगळ्यांना दिसत होतं, कावळ्यालाही दिसलं. माझ्या डोळ्यांदेखत तो एकेक पिल्लू उचलायला लागला. मी उठलो, तर उदयसिंहांनी खांदा दाबला. "बसा की, अजून नारळ द्यायचा हाय."

मी बसलो, आक्का. त्या माणसाचा राग अजून उतरलेला नाही. मंडळ सोडलंय. सुनेनं त्या नारळाची चटणी केली, तिला मी बोटसुद्धा लावलं नाही.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा
जोतीराम

ता. क. : खरं काम पुढंच आहे. संस्कृती सुट्टीत पिल्लं बघायला येणार होती. तिला सांग, पिल्लं मोठी झाली आणि उडून गेली. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

पुन्हा ता. क. : नारळ घेतानाचा फोटो पेपरात आलाय, कात्रण सोबत ठेवलंय. फेट्यात मी बरा दिसतोय, जपून ठेव. फक्त संस्कृतीला दाखवताना माझ्या डाव्या खांद्यामागं बोट ठेव. तिथं कावळा आलाय.