तुटकी ढाल

९ फेब्रुवारी, रविवार

पळालो. सरळ मराठीत सांगायचं तर पळालो!

दुपारी जेवण झाल्यावर ताईला फोन केला. म्हटलं, आज खाणीच्या तळाला जाऊ. रोज संध्याकाळी आम्ही बहीणभाऊ आपापल्या घरून नेटवर हा खेळ खेळतो. खाणीत उतरायचं, खजिना शोधायचा, छत कोसळायच्या आत वर यायचं. वरच्या मजल्यांना दोघं पुरतात, तळाला पाच लागतात. माझ्यासोबत लिफ्ट दुरुस्तीला असतो तो पक्कड कधीचा मागे लागला होता. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून पक्कड.

ताई नको म्हणत होती. "अनोळखी माणसं रे."

खेळात कंदील ताईकडे असतो. कंदील धरणाऱ्यालाच पुढचं दिसतं, आणि त्यानंच ओरडून सांगायचं असतं. ताईची नजर अशी, की चष्म्याच्या कारखान्यात काचेवरचा केसाएवढा चरा आधी तिलाच दिसतो. पण बोलताना अडखळते, लहानपणापासून. शब्द ओठांपर्यंत येतो आणि उंबऱ्यातच बसकण मारतो. माझ्याशी बोलताना फारसं होत नाही, कारण मी थांबतो.

"चल गं, मी आहे ना," म्हणालो. मी आहे ना!!

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्याला तिला दिसलं सगळं, पण "डा… डा… डा…" — तोवर छत खाली. पाचांत वाघोबा नावाचा एक होता. तो लागला नक्कल करायला. "डा-डा-डा! बाई, धक्का मारू का गाडीला?" पक्कड खो खो हसला. मग त्यानं फक्त मला दिसेल असं लिहिलं — ही तुझ्यासोबत आलीये का?

मी लिहिलं, नाही रे, ओळखत नाही.

बोटं माझीच होती.

पुन्हा उतरलो. पुन्हा अडकली. "मा… माफ करा," म्हणाली, अगदी माझ्या कानात. मी 'गट सोडा' दाबलं. खेळानं विचारलं — नक्की? परवानगी न घेता गेलात तर दंड होईल.

नक्की म्हणालो.

नंतर ताईला कळवलं, नेट गेलं. पक्कडलाही तेच.


१० फेब्रुवारी

दंड झाला. नावापुढे तुटकी ढाल. म्हणजे जगजाहीर पळपुटा! ती आहे तोवर कोणी गटात घेत नाही, ताईसोबत दोघांनीही खेळता येत नाही.

नियमाला नावं कशी ठेवू? सांगून जा, बाकीच्यांनी हो म्हटलं की कोणाला काही नाही. न सांगता गेलास की मागचे चौघे तुझ्यापायी मरतात. अर्ध्यातून उठणाऱ्यांना मीच काय काय बोललोय आजवर!

ढाल घालवायचा मार्ग एकच. त्या गटातल्या चौघांनीही माफ करायचं. कोण करतंय!


११ फेब्रुवारी

ताईचा फोन. मी गेल्यावर ते लोक तिला काय काय बोलले असतील — विचारायची हिंमत झाली नाही.

"नेट आलं का?"

"आलं."

मग म्हणाली, "ढा… ढाल बघितली तुझी. काढायला हवी."

मी "हं" म्हणालो.


१३ फेब्रुवारी

संध्याकाळ खायला उठते.


१५ फेब्रुवारी, शनिवार

ढाल गेली!! सकाळी उघडून बघतो तर नाव स्वच्छ. चौघांनीही माफ केलंय. वाघोबानंसुद्धा? माझं त्याच्याशी धड बोलणंही झालेलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. चोराला माल परत नेऊन द्यावा तसं वाटतंय.


१७ फेब्रुवारी, सोमवार

कळलं.

दवाखान्याच्या इमारतीत काम होतं. लिफ्टच्या टपावर बसून आम्ही दोघं दोराला तेल देत होतो. मग पक्कड एकदम म्हणाला, "तुझी ताई भेटली होती. खेळात. बोलायचंय म्हणाली."

माझा हात थांबला.

"पहिलं वाक्य पुरं होईस्तोवर माझा चहा निवला. पण बाई हटली नाही. म्हणाली, तो माझा भाऊ आहे, त्याला माफ करा. वाघोबाकडे तर तीनदा गेली. तो हसला, पुन्हा आली. परत हसला, परत आली. शेवटी त्यालाच कसंतरी झालं. मला सांगत होता."

मी पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

"तू तर म्हणालास, ओळखत नाही," पक्कड म्हणाला.

खाली शाफ्टमध्ये बघत बसलो. काळोख होता, बरं वाटलं.

"आणि नेट गेलं की पडद्यावर 'संपर्क तुटला' येतं. तुझ्या नावापुढे आलं होतं 'गट सोडला'. तिनंही वाचलंच असेल की!" तो तेलाच्या डब्याचं झाकण लावत राहिला. "मी पण हसलो होतो त्या दिवशी. ते मी तिला सांगून टाकलं. तुझं तू बघ."

पक्कड कधी काही सोडत नाही. आज त्यानं मला सोडलं, ते जास्त लागलं.


१८ फेब्रुवारी

दुकानदाराशी बोलावं लागू नये म्हणून ही बाई लहानपणी मला पुढे करायची. माझ्या पाठीशी उभी राहून बोटानं दाखवायची. ती ताई वाघोबाच्या दारात तीनदा! आणि ज्याच्यासाठी गेली, तो मी.


२० फेब्रुवारी

फोन दोनदा आला. उचलला नाही.


२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो ताईकडे. दाजी बाहेर गेले होते. खिडकीपाशी बसून ती त्यांच्या चष्म्याची दांडी बसवत होती. मी चपला काढल्या काढल्याच बोललो, नाहीतर राहिलंच असतं.

"ताई, नेट गेलं नव्हतं."

"माहितीये. वा… वाचलं होतं मी."

"मग कशाला त्या लोकांच्या पाया पडत फिरलीस?"

"पाया कुठे पडले! बोलले." बारीकसा स्क्रू चिमटीत धरून जागेवर ठेवला. "तुला माझी ला… लाज वाटली. म्हटलं, बघू तरी, एवढं लाज वाटण्यासारखं आहे का. तिघांशी बोलले. कोणी मेलं नाही." हसली. "चौथी माफी माझी. ती सगळ्यात शेवटी दिली."

मीही हसलो. रडू येत होतं खरं तर. तिथंच थांबलो असतो तर सुटलो होतो. पण पक्कडचं ते वाक्य मानगुटीवर बसलेलं.

"अजून एक आहे. पक्कडनं विचारलं होतं, ही तुझ्यासोबतची का. मी म्हणालो… ओळखत नाही."

पेचकस थांबला.

"हे नव्हतं माहीत मला," ताई म्हणाली.

एकही अक्षर अडलं नाही.

चष्मा पुसून डबीत ठेवला. डबी मिटली. मग उठून विचारलं, "जेवून जाशील ना?"

जेवलो. तिनं नेहमीसारखंच आग्रह करून वाढलं. पाणी हवं का, मीठ कमी आहे का, सगळं विचारलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.


२६ फेब्रुवारी, बुधवार

खेळ उघडला तर ताईचा निरोप होता, तिच्या आवाजात.

"मी आपली जो… जोडी सोडते आहे. वाघोबाच्या गटाला कंदील धरायला माणूस हवंय, त्यांनी बो… बोलावलंय मला. तुला न सांगता जायचं नव्हतं. घरी येत जा. ते वे… वेगळं."

कुठेही पुढे न ढकलता ऐकला. खाली खेळानं विचारलं होतं — परवानगी देता? तुम्ही हो म्हणालात तर कोणालाच दंड नाही.

हो दाबलं.