एकाच बाजूचा गार्ड

प्रिय सावधानराव,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की तार, यावर आईचं नि माझं अजून एकमत नाही. ‘गार्डचा उपयोग झाला का? हो की नाही, तेवढं कळव. गिऱ्हाइकं विचारतात.’ आणि खाली सही. वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘तुझा’ नाही, मध्ये साधी विचारपूस नाही. आई म्हणाली, “माणसं धड आहेत का ते राहिलं बाजूला, लोखंडाची खुशाली विचारतायत जावईबापू.” मी तुझी बाजू घेतली. (असे प्रसंग थोडे, तेव्हा नोंद करून ठेव.) तिला म्हटलं, अगं, आपली खुशाली त्याने गॅरेजवाल्याकडून कधीच काढून घेतली आहे. गॅरेजवाला पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे. तू त्याला रोज फोन करतोस, आधी आईच्या खांद्याचं विचारतोस, मग माझ्या मानेचं, आणि शेवटी उगाच गाडीचं, म्हणजे फोन गाडीसाठीच केला होता असं वाटावं. तर आईचा हात आता स्वतःची वेणी घालण्याइतका वर जातो. माझी मान दोन्हीकडे वळते. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते.

आता तुझा प्रश्न. जिने उमेदीची वर्षं न्यायशास्त्राचे, म्हणजे तर्काचे, जुने संस्कृत ग्रंथ घोकण्यात घालवली आणि पुढे पोटासाठी रोपवाटिका काढली, अशा बाईकडे तू एका शब्दात उत्तर मागतोस? एवढी वर्षं संसार करून तुला काहीच कसं कळलं नाही रे? पण तुझी अडचण मी ओळखून आहे. तुझ्या वर्कशॉपमध्ये ट्रकवाले, पिकअपवाले येतात, दाराखाली लोखंडी गार्ड बसवून घेतात आणि पैसे द्यायच्या आधी विचारतात, “बाजूने कुणी ठोकलं तर वाचवेल ना हे?” आणि तू, ज्याला खोटं बोलता येत नाही आणि खरं ठाऊक नाही, घसा खाकरून ग्राइंडर सुरू करतोस. तेव्हा सविस्तर सांगते. ग्राइंडर बंद कर आणि वाच.

एका दवाखान्याच्या नव्या इमारतीत कुंड्या पोचवायच्या होत्या. आई सोबत होती, कारण मी मांडलेल्या कुंड्या तिला रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारख्या दिसतात. मी गाडी चालवत होते, आई माझ्या मागच्या सीटवर. ती हल्ली तिथेच बसते, त्याचं कारण पुढे येईल. तिच्या डाव्या हाताला, दाराशी, लिंबाचं मोठं रोप. आपल्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात वाऱ्याने त्याची पानं फाटतात म्हणून आत घेतलेलं. आईने त्यालासुद्धा सीटबेल्ट लावला होता. “तुझ्या नवऱ्याचा नियम,” म्हणाली, “गाडीत बसेल त्याने पट्टा लावायचा. झाड आहे म्हणून सूट नाही.” चौकात आमचा दिवा हिरवा होता. डावीकडून एका बेकरीची व्हॅन आली. तिचा दिवा लाल होता, पण चालवणाऱ्याला तो दिसला नाही. तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त रडला. रस्ताभर पाव विखुरले होते आणि आई एका हाताने दुखरा खांदा धरून दुसऱ्या हाताने त्याला पाणी पाजत होती.

धडक बरोबर आपल्या गाडीच्या डाव्या अंगावर, पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधे, थोडी मागच्या दाराकडे कललेली. म्हणजे जिथे तुझा गार्ड होता तिथेच. इथे तू खुर्चीत पुढे सरकला असशील. सरकू नकोस, चहा सांडेल.

गाडी गॅरेजमध्ये गेली आणि तिच्याभोवती दोन पंडित जमले. एक विमा कंपनीचा सर्व्हेअर, दुसरा आपला गॅरेजवाला. गॅरेजवाला गार्डवर हात ठेवून, एखाद्या हुतात्म्याविषयी बोलावं तसा बोलला. “ताई, हा वाकला म्हणून तुम्ही वाचलात. हा थेट चासीला बोल्ट केलेला आहे. व्हॅनचा बंपर आधी ह्याच्यावर बसला, मार चासीने घेतला, म्हणून गाडी आख्खी सरकली आणि खालचा पत्रा चेपला नाही. हे बघा, मॅट उचलून बघा, फ्लोअर सरळ आहे!” सर्व्हेअर चष्मा पुसत म्हणाला, “फ्लोअर सरळ आहे, पण बाई फ्लोअरवर झोपून जात होत्या का? वर बघा.” वर मागचं दार चांगलं वीतभर आत आलं होतं. व्हॅनचं नाक उंच होतं. गार्डच्या वरून जे आलं ते सरळ दारावर. त्याचं म्हणणं असं, की हा गार्ड दगडधोंड्यांसाठी असतो, खडकाळ रस्त्यावर गाडीचं पोट घासू नये म्हणून. धडकेत माणसाला सांभाळतो तो दाराच्या पोटातला आडवा दांडा, दोन दारांमधला खांब आणि वरून उघडणारी एअरबॅग. गाडीच्या कंपनीने त्यांच्यावर धडका देऊन पाहिलेल्या असतात. बाहेरून बसवलेल्या गार्डला असं ठोकून कुणी पाहिलेलं नसतं. ठेंगणी मोटार आली तर तो थोडाफार कामी येईलही. उंच गाडी आली तर तो खाली आणि धडक वर, दोघांची गाठच पडायची नाही. आणि नुसत्या पायरीसाठी लावतात ते पातळ पाइप तर धडकेत कुणाच्या खिजगणतीत नसतात. गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, तुम्ही कागदावरचं बोलता.” सर्व्हेअर म्हणाला, “आणि तुम्ही बिलावरचं.” दोघंही माझ्याकडे वळले, जणू निकाल मी द्यायचा होता. मी म्हटलं, दोघंही बरोबर आहात, आता मला रिक्षा मिळवून द्या.

पण घरी आल्यावर तो वाद डोक्यातून जाईना. आमचे गुरुजी कार्यकारणभाव शिकवताना कुंभाराचं गाढव आणायचे. घडा तयार झाला. त्याला माती कारण, चाक कारण, चाक फिरवायचा दांडा कारण, कुंभार तर कारणच. मग ज्या गाढवाने माती वाहून आणली ते गाढव कारण का? शास्त्र म्हणतं, नाही. ते तिथे हजर होतं खरं, पण माती हातगाडीनेही आली असती. अशा गोष्टीला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. म्हणजे घटनेच्या फोटोत असलेली, पण श्रेय मागायचा हक्क नसलेली. तर मुद्दा असा, की तुझा गार्ड हा दांडा की गाढव? पक्कं ठरवायचं तर तीच गाडी, तीच व्हॅन, तोच चौक घेऊन गार्ड काढून पुन्हा एकदा धडक घ्यायला हवी. आईला विचारलं. ती तयार नाही.

खाली दांडा, वर गाढव, अशा निर्णयाला मी आले होते आणि एवढंच तुला कळवणार होते. पण मग आईच्या नडगीकडे लक्ष गेलं.

तुला आठवत असेल, तू गार्ड बसवलास तो रविवार. सकाळभर तू गाडीखाली आडवा, फक्त चपला दिसत होत्या. डावा गार्ड बसला. उजवा तयार होता, रंगसुद्धा वाळला होता, आणि आपण जेवायला बसलो. जेवताना तू रोपवाटिकेच्या फाटकाला तिसरं कुलूप हवं म्हणालास, मी म्हणाले रोपं काय पळून जाणार आहेत, आणि मग ते कुलूप कुठल्या कुठे राहिलं. तुझ्या काळजीत मला हात हलवायला जागा उरली नव्हती आणि माझ्या थट्टेत तुला बसायला. दुसऱ्या दिवशी तू गेलास. बॅगेत टॉर्च घेतलास, टॉर्चचे जादा सेल घेतलेस, आणि उजवा गार्ड शेडमध्ये राहिला. मी त्याला नेचे टांगते. छान दिसतात. गिऱ्हाइकं विचारतात, गाडीला एकाच बाजूला गार्ड कसा? मी सांगते, ज्याने बसवला त्याला एकाच बाजूची भीती वाटायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई डाव्या बाजूने चढायला गेली, पाय घसरला आणि नडगी तुझ्या गार्डच्या टोकावर आपटली. केवढी सोलली होती! तुझ्या नावाने घरात जो काही जप झाला तो इथे लिहीत नाही. “जाता जाता लाथ घालून गेले जावईबापू,” हे त्यातलं सर्वांत सौम्य. तेव्हापासून तिने डाव्या दाराला हात लावला नाही. उजवीकडे गार्ड नाही, म्हणून ती उजवीकडून चढते. तिथे पायरीही नाही, म्हणून रोपांचा क्रेट पालथा घालते, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकते, सावकाश चढते आणि माझ्या मागे बसते. दोन वर्षं हा सोहळा प्रत्येक फेरीला. मी किती वेळा वैतागले असेन! गुडघ्यामुळे तिला पूर्वी डावीकडची मागची सीट सोयीची होती, पाय मोकळा सोडता यायचा. ती नेहमी तिथेच बसायची.

ज्या सीटवर दार वीतभर आत आलं, तीच ती सीट.

तिथे लिंबाचं रोप होतं. कुंडीचे तुकडे झाले, दोन फांद्या मोडल्या. बेल्ट मात्र तसाच लावलेला होता.

तेव्हा माझा निर्णय मी फिरवला. गुरुजींच्या गाढवाने नुसती माती वाहिली होती. त्याने कुंभाराच्या आईला लाथ मारून पडत्या भिंतीपासून दूर पिटाळलं असतं, तर शास्त्राला नवं प्रकरण लिहावं लागलं असतं. तुझ्या गार्डने आईला वाचवलं, यात मला आता शंका नाही. पोलादाने अर्धंमुर्धं, आणि अडचण करून पुरतं. ह्याला योगायोग म्हण. मी तो नाकारत नाही, पण योगायोगाचेही आभार मानायचे झाले तर कुणाच्या तरी पत्त्यावरच पाठवावे लागतात, आणि माझ्याकडे तुझा पत्ता आहे. हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ नडगीवरचा वण चोळत बसली. मग म्हणाली, “तरी टोक घासून गोल करायला हवं होतं त्यांनी.” तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कार झाला असं समज.

गिऱ्हाइकांना मात्र लाथेची गोष्ट सांगू नकोस, नाहीतर लोक टोकदार गार्ड मागायला लागतील. त्यांना सरळ सांग की बाबांनो, हा गाडीचं पोट सांभाळतो. बाजूच्या धडकेत कधी थोडी मदत करेल, कधी मुळीच करणार नाही, आणि ह्याच्या भरवशावर चौकात घुसू नका. आणि तू चासीला नीट बोल्ट करून दे, दाराच्या नि एअरबॅगच्या वाटेत काही येऊ देऊ नकोस, पट्टा लावायला सांग. दोन गिऱ्हाइकं कमी होतील. तुझा घसा तरी खाकरायचा थांबेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. धडक झाली, काचा पडायच्या थांबल्या, आणि मागून आईचा पहिला शब्द आला तो, “त्यांना लागलं का गं?” मला कळेना कुणाबद्दल विचारते आहे. ती पुढच्या डाव्या सीटकडे बघत होती, जिथे तू आरसे तपासत बसायचास. तिला त्या घटकेला दोन वर्षांचा विसर पडला होता. नंतर ती ओशाळली, म्हणाली, धक्क्याने झालं असेल. पण सावधानराव, तिचं वय झालं आहे, तिला सगळं माफ. मी चांगली शुद्धीवर होते, आणि तिने विचारायच्या आधीच माझीही मान तिकडेच वळलेली होती. मानेला इजा झाली ती धडकेने की त्या वळण्याने, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. सीट रिकामी दिसली तेव्हा मी मनात कुणाचे तरी आभार मानले, की तू तिथे नव्हतास. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला वाटलं, तू तिथे असायला हवा होतास. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला कुठल्याच शास्त्राने शिकवलं नाही. गाडी येत्या आठवड्यात मिळेल. गॅरेजवाला विचारतो आहे, डावा गार्ड सरळ करून परत लावू का? मी म्हटलं, थांब, ज्याचं काम आहे त्याला येऊ दे. आईला उजवीकडे पायरी हवी आहे, रुंद, तिच्या गुडघ्याला झेपेल इतकी खाली, टोकं घासून गोल केलेली. तिच्या गुडघ्याचं माप तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. नेचे मी दुसरीकडे टांगले आहेत. तुझा मोठा पाना शेडमध्ये खिळ्यावर जिथे होता तिथेच आहे. लिंबाला मोडलेल्या फांदीच्या खालून कोंब आले आहेत. येताना टॉर्च आण. फाटकाला मी तिसरं कुलूप लावलं आहे, आणि ते अंधारात मला सापडत नाही.

तुझीच,
(हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. आईने वाचला, आणि खोडायला सांगितला नाही.)