पायांसकट फोटो

नाना, तुमच्या कॅमेऱ्याला मी बॅटरी ग्रिप पुन्हा बसवली आहे. तुम्ही गेल्यावर काढून ठेवली होती, जड होते म्हणून. आता कॅमेरा माझ्यासमोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे आणि ग्रिपच्या रुंद बुडामुळे कशाचाही टेकू न घेता ताठ बसला आहे. मेहरूणच्या तलावावर फिरून आले, चहा झाला, भाजी चिरायला घेतली आणि तशीच बाजूला सारली. आयुष्यभर शाळेत मुलांकडून इंग्रजी पत्रं लिहून घेतली, वडिलांना पत्र, मुख्याध्यापकांना पत्र, पण तुम्हाला मी कधी लिहिलं नाही. जळगावहून धुळं ते केवढंसं. मनात आलं की बसमध्ये बसायचं, दोन-अडीच तासांत तुमच्या दारात. लिहायची वेळच आली नाही, आणि जे सांगायचं होतं ते दारात उभं राहून कधी सांगितलं नाही.

ग्रिप हातात धरली की तुमची पहिली आठवण येते ती कोपराची. तुमचा स्टुडिओ उभ्या फोटोंवर चालला. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो उभे, नवरा-नवरीचे उभे, नव्या गणवेशातल्या पोलिसाचा सुद्धा उभा. मला तुम्ही कॅमेरा धरायला शिकवलात तेव्हा मी आठवीत होते. आडवा धरला की सगळं ठीक असायचं. उभ्यासाठी फिरवला की माझं उजवं कोपर वर जायचं आणि हात हलायचा. तुम्ही पडद्यामागून म्हणायचात, "काय गं, कोंबडी उडायला निघाली का?" मग माझ्या काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी खुपसायचात आणि ती पडली की पुन्हा पहिल्यापासून. फोटो एकही काढू द्यायचा नाहीत, रोल महाग. मी रिकाम्या कॅमेऱ्याने दुपारभर भिंतीवरच्या कॅलेंडरचे उभे फोटो काढते आहे, काखेत वर्तमानपत्र, आणि तुम्ही निगेटिव्हवर पेन्सिलीने कुणाचे तरी देवीचे व्रण बुजवता आहात. ती पेन्सिल कागदावर नव्हे, फिल्मवर चालल्याचा बारीक आवाज मला आत्ताही ऐकू येतो.

आणि मग सत्तरीनंतर तुमचाच उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. टोपी डाव्या हाताने घालायचात आणि ती कायम थोडी तिरकी बसायची. नवा डिजिटल कॅमेरा घेऊन वर्षही झालं नव्हतं. आडवे फोटो निघत होते, उभ्याला कोपर उचलवत नव्हतं. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की कॅमेऱ्याच्या बुडाला एक ग्रिप लागते, तिच्यावर शटरचं दुसरं बटण असतं. कॅमेरा उभा फिरवला तरी हात खालीच राहतो, कोपर अंगाला. शिवाय आत एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसतात. तुम्ही एका दिवसात नाशिकला जाऊन ती घेऊन आलात. गल्लीच्या टोकापर्यंत जायचा कंटाळा करणारे तुम्ही.

ग्रिपबरोबर पुस्तक आलं, इंग्रजीत. ते तुम्ही उघडलंही नाहीत, माझ्यासाठी ठेवलंत. मला कॉन्व्हेंटमध्ये का घातलंत हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं, कारण गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणी नगरपालिकेच्या शाळेत होत्या. सिस्टर लोकांचा वार्षिक ग्रुप फोटो तुम्हीच काढायचात, म्हणून मला वाटायचं ओळखीमुळे असेल. तुम्ही म्हणालात, "कॅमेऱ्याची सगळी पुस्तकं इंग्रजीत येतात. घरात वाचणारं कोणीतरी पाहिजे ना." मी हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

ती दुपार मला अगदी स्वच्छ दिसते. तुमचं स्वयंपाकघर, आई गेल्यापासून ओट्यावर डबे उलटसुलट. मी भरीत केलेलं, त्याचा धुराचा वास अजून खोलीत. तुम्ही वही घेऊन बसलात, शाळेतल्या मुलासारखी समास सोडून. मी एक-एक वाक्य वाचते आणि मराठीत सांगते, तुम्ही लिहून घेता. आधी कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण काढायचं. ते हरवू नये म्हणून ग्रिपलाच एक खाच आहे, तिच्यात ठेवायचं. "हुशार माणसं," तुम्ही म्हणता. मग ग्रिप आत सारायची, चाक फिरवून घट्ट करायची. दुसऱ्या बटणाला वेगळी खटकी आहे, ती बंद असली तर बटण चालत नाही. "म्हणजे फोटो निघाला नाही तर आधी खटकी बघायची." तुम्ही ते अधोरेखित केलंत. मग तुम्ही खोक्यातून एक काळा प्लास्टिकचा ट्रे काढलात, सहा खाचा असलेला. "हे काय गं?"

मी पुस्तक चाळलं. त्याच्याबद्दल शेवटच्या पानावर काहीतरी होतं. मी ते वाचलं नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "ते आपल्या कामाचं नाही, नाना. खोक्यातच राहू दे. मला बस गाठायचीय."

तुम्ही ट्रे खोक्यात ठेवलात.

त्या उन्हाळ्यात तुम्ही पिंपळनेरच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावर लग्नाला गेलात. नवऱ्या मुलाची आई तुमची जुनी ओळखीची. चारोळी, मध, डिंक घेऊन धुळ्याच्या बाजारात यायची आणि उन्हाचं स्टुडिओच्या पायरीवर बसायची. तुम्ही तिला अक्का म्हणायचात, वयाने ती लहान असूनही. तिचं एकच मागणं होतं. मतदानाच्या कार्डावर तिचा फोटो होता, पण तेवढ्यावर ती खूश नव्हती. "तोंडना फोटो सरकारजोडे शे, भाऊ. माले पाय दिखाले पाहिजेत." तिच्या पायांत चांदीचे तोडे होते, तिच्या आईचे. मुलाच्या लग्नात काढू, तुम्ही कबूल केलं होतंत.

पुढचं तुम्ही मला महिनाभराने सांगितलंत, शेंगा फोडता फोडता. पाड्यावर दोन दिवस वीज नव्हती. हळदीपासून तुम्ही फोटो काढत होतात, एक बॅटरी संपली, दुसरी चालली होती. अक्का सगळ्यांना पुढे करत राहिली. व्याही, पाहुणे, पोरंबाळं. सगळं आटोपल्यावर ती नवं लुगडं नेसून, तोडे राखेने घासून, आंब्याखाली येऊन उभी राहिली. तुम्ही कॅमेरा उभा धरलात. बटण दाबलंत. काही नाही. खटकी बघितलीत. खटकी ठीक होती.

"खोटं-खोटं बटण दाबायचं मनात आलं होतं," तुम्ही म्हणालात. "तिला काय कळणार होतं. पण नाही दाबलं. सांगितलं, अक्का, बॅटरी संपली."

"मग?"

"मग काय. हसली. म्हणे, मंग परत ये, मी कथा जायी ऱ्हायनी? कुठे चाललेय मी, म्हणे."

तुम्ही शेंग फोडलीत, दाणे माझ्याकडे सरकवलेत. पावसाळ्यात ती तापाने गेली, तुम्ही परत जायच्या आत. "माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात. "दोन बॅटऱ्या म्हणजे पुष्कळ असं धरून चाललो." मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "जाऊ द्या नाना, वीज नव्हती त्याला तुम्ही काय करणार." मला खरंच तसं वाटलं होतं. पुढच्या थंडीत तुम्हीही गेलात.

कॅमेरा माझ्याकडे आला, खोकं आलं, वही आली. ग्रिप तेवढी काढून ठेवली. शाळा चालू होती तोवर मी बाकी काही उघडलं नाही. निवृत्त झाल्यावर एके दिवशी उघडलं आणि ते शेवटचं पान वाचलं. चार ओळी आहेत, नाना. त्या ट्रेमध्ये सहा पेन्सिल सेल घालायचे, बॅटऱ्यांच्या जागी तो सारायचा, कॅमेरा चालतो. कुठल्याही किराणा दुकानात मिळतात तसले सेल. त्या पाड्यावर घरोघरी असले सेल असणार, घड्याळात, रेडिओत. चार ओळी वाचायला आणि मराठीत सांगायला एक मिनिट लागलं नसतं.

या जानेवारीत अक्काच्या मुलाचा फोन आला. पावसात छप्पर गळून लग्नाचा अल्बम भिजला होता, फोटो पुन्हा मिळतील का. तुमच्या सीडीवर सगळे होते. मी प्रती काढल्या आणि पोस्टाने न पाठवता स्वतः गेले. कॅमेरा घेतला, ग्रिप लावली, ट्रे घेतला. बॅटऱ्या रात्रभर चार्ज करून घेतल्या होत्या, पण त्या तुमच्याच काळातल्या. पाड्यावर पोचेपर्यंत दोन्ही मान टाकून बसल्या. सेल तिथे घेऊ म्हटलं तर दुकानात फक्त टॉर्चचे जाडे.

मी ओसरीवर ट्रे हातात घेऊन बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. मुलगा, आता चाळिशीला आलेला, विचारू लागला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. ते पान, हा ट्रे, त्याच्या आईचा फोटो. चूक नानांची नव्हती, माझी होती. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "ताई, त्यानं काय व्हस? तवय लाईटच नव्हती." मीही तुम्हाला तेच म्हणाले होते. मग त्याने ट्रे माझ्या हातातून घेतला, खाचा मोजल्या आणि आत हाक मारली, "घड्याळमाईन सेल काढ वं. शेजारलाबी सांग."

त्याच्या बायकोने घड्याळ उतरवलं. त्या लग्नातली नवरी तीच. शेजारून एक सेल आला, समोरून एक. कुणीतरी टीव्हीच्या रिमोटमधले आणले, ते बारीक निघाले, त्यावर हशा झाला. एक म्हातारा आपलं घड्याळ छातीशी धरूनच आला. "मना सेल परत दीजो," तो म्हणाला, "माले टाइमवर गोळी खानी पडस." सहा घरांचे सहा सेल भरले, ट्रे आत सारला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर उजेड आला.

सून आंब्याखाली उभी राहिली, सासूचे तोडे घालून. मी कॅमेरा उभा धरला, ग्रिपचं बटण तर्जनीखाली, कोपर अंगाला. काखेत वर्तमानपत्र असतं तर पडलं नसतं. घड्याळाच्या जुन्या सेलमध्ये जीव तो किती. चार फोटो निघाले आणि कॅमेरा मिटला. चारही चांगले आले, पायांसकट. मुलाने मागच्या पडद्यावर वाकून पाहिलं होतं, पहिल्यांदा तोडे, मग बायको. "मनी माय इतली उच्ची नव्हती," तो म्हणाला, आणि उठून आत गेला. जरा वेळाने चहा घेऊन आला. सेल मी स्वतः घरोघरी जाऊन घड्याळांत बसवले आणि मोबाइल बघून वेळ लावून दिली. म्हाताऱ्याची गोळी चुकली नव्हती.

मला वाटलं होतं, परत येताना हलकं वाटेल. पिंपळनेरहून धुळ्यापर्यंत वाटत होतंही. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची बस बदलायला उतरले आणि तुम्हाला दाखवायला चार फोटो कॅमेऱ्यात होते, आणि घर विकून किती वर्षं झाली. तुम्ही काय बोलला असतात ते मला माहीत आहे. तोडे जरा अंधारात गेले, डावीकडून उजेड घ्यायला हवा होता. तेवढं ऐकायला मी आणखी एकदा सहा घरांतली घड्याळं उतरवीन.

तुमची वही समोरच उघडी आहे. त्या दुपारच्या पानावर सगळ्यात खाली, तुमच्या तिरक्या अक्षरात, असं आहे: काळा ट्रे, सहा खाचांचा. आपल्या कामाचा नाही. कंस करून पुढे लिहिलंय, ताईने सांगितले, तिला बस होती. इतकी वर्षं मीही तेच धरून बसले होते. अक्काच्या मुलालासुद्धा मी तेच सांगितलं, बसची घाई झाली म्हणून.

हे पत्र त्याच पानात ठेवते. त्या दुपारी तुम्ही मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आलात, पिशवीत उरलेलं भरीत दिलंत, नीट जा म्हणालात. मी स्टँडवर गेले, उसाचा रस घेतला आणि पाऊण तास बाकावर बसून राहिले. दोन बसेस सोडल्या. गाठायची बस कुठलीच नव्हती, नाना. मला कंटाळा आला होता.