मयताच्या दिवसाचा नियम

प्रिय तियामिके,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. इकडे झोंबा शहरात कडाक्याची थंडी पडलीय. बाळंतिणींच्या वॉर्डात तुझ्या जागी आलेली नर्स इतकी खेकसते, की बायका तुझी आठवण काढतात.

दवाखान्यात कागदी फायली जाऊन संगणक आले, तेव्हा कुणी कुणाची फाईल उघडायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एका डॉक्टरचा पासवर्ड अख्ख्या वॉर्डाला पाठ असायचा, तो प्रकार मी बंद केला. ज्या वॉर्डात पाळी, तिथल्याच फायली उघडतील, दुसरीकडच्या नाहीत. तू चिडवायचीस, "बाई गं, एक दिवस तू स्वतःच्याच घराला कुलूप घालून बाहेर बसशील." मी हसायचे. केवढा तोरा होता मला!

मग माझी आई गेली. मयताला जायचं नाही, असं आपल्याकडे असतं का? मुलांच्या वॉर्डातली फालेसी माझ्या गावी यायला निघाली आणि तिच्या जागी तू उभी राहिलीस. हे नेहमीचंच, पाळीच्या तक्त्यात ते कुणी लिहीत नाही. संगणकाच्या लेखी तू बाळंतिणींकडेच होतीस. त्या वॉर्डातल्या छोट्या यांकोची फाईल तुला उघडेना. त्याची आई दवाखान्यामागच्या चुलीवर त्याच्यासाठी लापशी शिजवत होती. तू मला चार फोन केलेस. माझा बंद होता, आईवर माती पडत होती. डॉक्टरांनी फोनवर पेनिसिलिन द्यायला सांगितलं, तू दिलंस. ते त्याला चालत नाही, हे फाईलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं. दोन वर्षांचं पोर गेलं गं.

चौकशीत मला एकच विचारलं, यंत्रणा बरोबर चालत होती का? मी म्हणाले, "हो, नियमाप्रमाणे." खोटं नव्हतं ते, म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते. तू माझ्याकडे बघत होतीस, मी टेबलाकडे. तुला काढून टाकलं आणि मी घरी जाऊन जेवले.

नंतर मी सगळे नियम पुन्हा तपासले, आधी एकेक, मग एकमेकांशी जोडून. सुटा असा एकही चुकीचा नाही. पण एकीच्या जागी दुसरी उभी राहिली, की तिला रोगी दिसतो आणि फाईल दिसत नाही. अडीअडचणीला उघडायची वाट मी ठेवलीच नव्हती. बाहेरून आलेल्या माणसाचं हे चुकलं असतं तर समजू शकते. मी इथलीच, जन्मभर मयतांना गेलेली, आणि नेमका तोच दिवस माझ्या डोक्यात आला नाही.

आज सकाळी हे सगळं लिहून चौकशी समितीला दिलं. माझी नोकरी बहुतेक जाईल. तू परत यायचं की नाही, ते तू ठरव. माफी मागायचं तोंड मला नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाहीच. बाजारात यांकोची आई तुला बघून थुंकली, असं फालेसीनं सांगितलं. त्या बाईला आजवर एकच नाव माहीत आहे, तुझं. शनिवारी मी तिच्या दारात जाऊन माझं सांगणार आहे. तिच्या आधी तुला कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नदाझिओना