जुईची केमिस्ट्री आणि घाटावरचा कावळा

प्रिय वैशाली,

सवयीप्रमाणे ‘चि. सौ. वैशालीस’ लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षराशी हात अडला. चिरंजीव कुणाला म्हणू आता? सौ. तेवढं तू घेऊन गेलीस, चि. इथेच टाकलंस. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सुनेला ‘प्रिय’ लिहिते आहे. तू असतीस तर हसली असतीस आणि मी रागावले असते.

उद्या तुझा भाऊ येतोय. प्रकाश दिंडोरीहून सकाळी निघेल, मुक्काम करेल आणि सोमवारी जुईला कॉलेजच्या ॲडमिशनला घेऊन जाईल, असं त्याच्या मनात आहे. त्याला मी काय सांगणार आहे ते माझ्या संदीपला ठाऊक आहे, तुझ्या जुईला ठाऊक आहे. पण प्रकाशच्या आधी ते तुझ्या कानावर घालायला हवं. शब्द तुला दिला गेला होता ना, मग मोडायचा तरी तुला विचारूनच.

किती भांडलो गं आपण या पोरीच्या शाळेवरून! सहावीत होती. स्कूलबसचा हॉर्न ऐकला की ओकायची. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, बाईंना भेटून झालं. एक दिवस तू तिचं दप्तर खुंटीला अडकवलंस आणि म्हणालीस, आजपासून शाळा घरी. वायनरीतली लॅबची चांगली नोकरी सोडलीस. मला ब्रह्मांड आठवलं. पेठच्या डोंगरात पाड्यापाड्यावर पायपीट करून मी उभा जन्म पोरं शाळेत ओढून आणली, आणि माझ्याच घरातली पोर घरी बसणार? लोकांना काय तोंड दाखवू, असं मी विचारलं होतं. “हेच दाखवा, चांगलं आहे,” म्हणालीस. उद्धट होतीस तू, सांगून ठेवते.

मग माझ्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. पोळपाटाशेजारी ती काचेची लांब नळी, ब्युरेट, स्टँडला लावून उभी. खालच्या बाटलीत थेंब थेंब सोडायचा, गुलाबी रंग टिकला की तोटी बंद. तुम्ही दोघी श्वास रोखून बसायच्यात आणि मला कुकर लावायला जागा नसायची. माझ्या लग्नातल्या वाटीत तू मोरचूद विरघळवलंस तेव्हा ती वाटी मी सरळ घंटागाडीत टाकली. पुढे दोन दिवस आपण जुईमार्फत बोलत होतो. आठवतं?

आणि ते दही! नवा दूधवाला लावला होता, त्याच दिवशी मी विरजण मातीच्या भांड्यात लावलं. सुरीने कापावं असं घट्ट लागलं. मी दूधवाल्याचं कौतुक करायला लागले तर तू लगेच, “आई, दूधही बदललंत आणि भांडंही. एका वेळी एकच बदला, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं?” जुई खदखदून हसली. सकाळी उठून ओकणारी ती हीच पोर, हे त्या हसण्यात मला दिसलं. दहावी तिने ओपन बोर्डातून दिली, चांगली पास झाली. तरी तुला शाबास असं काही मी म्हणाले नाही. सासूने सगळंच बोलून दाखवायचं नसतं, असं वाटायचं तेव्हा.

आणि तू गेलीस. साधा ताप म्हणून ॲडमिट झालीस. डेंग्यू, प्लेटलेट, आयसीयू, सगळे शब्द मी त्या आठवड्यात शिकले, आणि आठवडा संपायच्या आत त्यांचं कामच उरलं नाही. तुला माझ्या आधी जायचं काय नडलं होतं? रांगेत मी पुढे होते ना? मोठ्यांचा मान ठेव म्हणून एवढी वर्षं कानीकपाळी ओरडले, तो नेमका नको तिथे मोडलास.

दहाव्याला आम्ही गोदेच्या घाटावर पिंड ठेवला आणि मागे सरकून उभे राहिलो. पावसाची रिमझिम होती. घरातून निघताना हाताला लागली ती छत्री मी उचलली होती, ती तुझी भडक पिवळी निघाली. तीच धरून उभी होते. कावळे भिंतीवर बसलेले, पण एकही शिवेना. जीव कशात तरी अडकलाय, कुणीतरी म्हणालं. मग एकेकजण हात जोडून तुला शब्द द्यायला लागला. तुझे वडील म्हणाले, मी औषधं वेळेवर घेईन, तू जा. संदीप म्हणाला, जुईला काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा प्रकाश ओल्या पायरीवर गुडघे टेकून बसला. एवढा आडदांड माणूस, लहान मुलासारखा रडत होता.

“ताई, जुईला मी नाशकात चांगल्या कॉलेजात घालतो. घरी बसू द्यायचो नाय. माझा शब्द हाय तुला.”

आणि कावळा आला. उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. बायका रडल्या, मीही रडले. जुई माझ्या शेजारी उभी होती. ती मात्र रडली नाही.

कावळ्याला मी मानते की नाही ते विचारू नकोस. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला देणारी बाई मी. पण त्या दिवशी घाटावर आम्ही सगळेच मानत होतो. तुझा जीव सुटला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कावळ्याने सांगितलं.

त्यानंतर जुईने सगळी पुस्तकं उघडली, केमिस्ट्रीचं तेवढं नाही. तो विषय तुझा, म्हणून दुखत असेल, असं मला आणि संदीपला वाटलं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. थोडे दिवस म्हणता म्हणता द्राक्षं निघून गेली, उन्हाळा आला. प्रकाशचे फोन सुरू झाले. मावशी, शब्द दिलाय, जूनमध्ये पोरगी कॉलेजात पाहिजे. जुईला विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, जाईन. तो कॉलेजचं माहितीपत्रक देऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून आवाज आला. ओकत होती. इतक्या वर्षांनी, वैशाली! मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते आणि तुझा भयंकर राग आला मला. असं कसं सोडून गेलीस हिला?

संदीप म्हणाला, केमिस्ट्रीला एखादा ऑनलाइन कोर्स मिळाला तर बारावीही घरूनच ओपन बोर्डातून होईल, प्रॅक्टिकलं त्यांच्या केंद्रावर करता येतात, मामाला मी समजावतो. पण कोर्स जुईला पटायला हवा. तो नाही ठरला तर कॉलेज. त्याच्या शिफ्ट असतात, तेव्हा दुपारी तिच्याबरोबर डेमो तास बघायची जबाबदारी माझ्यावर आली. ज्या बाईने घरच्या शाळेला नावं ठेवली, तीच लॅपटॉपपुढे चष्मा पुसून बसली. हस, हस तू.

पहिले सर मोठ्या स्टुडिओतून बोलत होते. तास केमिस्ट्रीचा, पण निम्मा वेळ रँकवर गेला, गेल्या वर्षी कोण पहिला आला आणि त्याची आई कशी रडली. जुईने बंद केलं. पुढच्या कोर्समध्ये अणूंना डोळे आणि दात काढलेले होते आणि ते एकमेकांशी भांडत होते. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? जुई म्हणाली, आजी, मी बालवाडीत नाही. मग एक परदेशातला पाहिला. बाई फार छान असाव्यात, पण त्यांचं इंग्रजी ऐकता ऐकता मला डुलकी लागली, आणि प्रयोगाचं सामान भारतात पाठवत नाही म्हणाले. प्रत्येकात जुई काही ना काही खोट काढायची. मला वाटायला लागलं, पोर नखरे करतेय. आईसारखं कुणी शिकवणार नाहीच, हे हिला कोण सांगणार? मलाच सांगावं लागेल म्हणून मी मनाची तयारी करत होते.

परवा दुपारी आणखी एक डेमो लावला. शिकवणाऱ्या बाई साध्या, घरातल्याच खोलीतून बोलत होत्या. मागे पंखा घरघरत होता आणि मध्येच त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. पोट बिघडल्यावर आपण घेतो ती फसफसणारी गोळी पाण्यात लवकर कशी विरघळते, ते मुलांनी घरी करून बघायचं होतं. एक मुलगा ठासून म्हणाला, गरम पाण्यात. बाईंनी विचारलं, गोळी अख्खी टाकलीस की कुटून? तर गार पाण्यात अख्खी टाकली होती आणि गरम पाण्यात कुटून. बाई हसल्या. म्हणाल्या, दोन गोष्टी एकदम बदलल्यास तू, आता कशामुळे झालं ते मलाही नाही सांगता येणार.

मी तुझीच आठवण काढत होते, दह्याची. तेवढ्यात जुईने खाडकन लॅपटॉप मिटला. माझा संयम सुटला. म्हटलं, आता या बाईंचं काय वाकडं होतं? रविवारी मामा न्यायला आला म्हणजे कळेल तुला! ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली,

“आजी, मामा बोलत होता तेव्हाच पाऊस थांबला होता. तू आईची छत्री मिटलीस.”

मला काही उमजेना. कसला पाऊस? कसली छत्री? ती उठली, दाराआड टांगलेली तुझी छत्री आणली, उघडली, फडफडवली आणि मिटून दाखवली. घाटावर वाऱ्याने ती सारखी फडफडत होती, कावळे तिलाच बुजत असतील, मामाचं बोलणं संपायच्या आत आजीने ती मिटली, मग कावळा उतरला. एवढं ती भराभर बोलली. आणि मग, वैशाली, तिने ते विचारलं.

“म्हणजे आईला मी घरी नको होते, असं नक्की नाही ना?”

इतके महिने ही पोर ते घेऊन फिरत होती. मामाच्या शब्दाने तुझा जीव सुटला म्हणजे तुझा जीव त्यातच अडकला होता, नोकरी सोडून हिला घरी घेऊन बसल्याचं तुला मनातून दुःख होतं, असा तिने हिशेब लावला होता. म्हणून ते पुस्तक बंद होतं. आम्ही दोघं मोठी माणसं शेजारी जेवत होतो आणि आम्हाला पत्ता नाही. मी तिला जवळ घेतलं आणि आधी मीच रडले. आजीने धीर द्यायचा असतो, पण मला जमलं नाही.

रडून झाल्यावर मी तिला आयसीयूतलं सांगितलं. मला आत सोडलं होतं थोडा वेळ. तापाने तुझे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, पाणी मागतेस. तू म्हणालीस, “आई, तिचं मोलॅरिटीचं राहिलंय.” तेवढंच, केमिस्ट्रीतल्या अर्ध्यावर राहिलेल्या त्या धड्याचं. तापातलं बोलणं म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते आठवायला नको वाटायचं. परवा जुईला सांगितलं आणि म्हटलं, कावळ्याचं मला माहीत नाही. कदाचित मामाचा शब्द, कदाचित छत्री, आता कुणालाच सांगता येणार नाही. पण जिला मुलगी घरात नको होती, ती मरणाच्या दारात मोलॅरिटीचं बोलली असती का गं?

जुईने ते पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा. नंतर तोंड धुऊन आली आणि माळ्यावरून तुझं ब्युरेट काढलं. धूळ बसली होती. आम्ही दोघींनी मिळून धुतलं, तिने नळी धरली आणि मी पाणी ओतलं. संध्याकाळी संदीपला सांगून त्या कुकरवाल्या बाईंचा कोर्स नक्की केला. पहिल्याच तासाला जुईने विचारलं, मोलॅरिटी केव्हा घेणार?

प्रकाशला मी दोष देणार नाही. त्याच्याइतकं तुझ्यावर कुणी माया केली नाही. उद्या त्याला पोटभर जेवू घालीन आणि मग घाटावरची सगळी हकिकत सांगेन, छत्रीसकट. त्याला शब्द मोडल्यासारखा वाटत असेल तर तो दोष त्याने माझ्या माथी टाकावा, असंही सांगेन. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. पण जुईने शिकावं हेच त्यालाही हवं आहे, ते कळेल त्याला.

आता माझं. त्या दिवशी सगळ्यांनी तुला काही ना काही शब्द दिला. मी एकटी गप्प उभी होते. मनात एकच येत होतं आणि ते म्हणायला जीभ उचलत नव्हती, कारण इतकी वर्षं मी त्याच्या उलट बोलले होते. आज देते. जुई घरीच शिकेल. केमिस्ट्रीच्या तासाला मी शेजारी बसेन, कळो न कळो, झोप लागली तर ती उठवेल. ओट्याची ती बाजू ब्युरेटची, माझा कुकर मी कुठेही लावीन. बारावीनंतर तिला स्वतःला कॉलेजात जावंसं वाटलं तर मीच सोडायला जाईन, आणि नको वाटलं तर जगाला मीच तोंड दाखवीन, हेच, तू चांगलं म्हणाली होतीस ते. तुझी छत्री यंदाच्या पावसात जुई वापरेल.

हा माझा शब्द, वैशाली. तो पोचला की नाही, हे बघायला मी कावळ्याची वाट बघणार नाही.

तुझी,
आई