कावेरीत पोहल्याचा गुन्हा

चामराजपेट, बंगळूर
मे १९५८

तीर्थरूप गोदूअक्कास अहल्येचा नमस्कार.

मी खुशाल आहे, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

प्राणेशने ऑफिसच्या मंडळींबरोबर आम्हांला कावेरीकाठच्या राखीव जंगलात तंबूत राहायला नेले होते. जागा सुरेख. सगळे पाण्यात आणि मी काठावर, टॉवेल राखायला! मीही पोहते म्हटले, तर चिरंजीव म्हणाले, "आई, या वयात शोभतं का? हवं तर काठाशी तीन बुड्या घे, पुण्य लागेल." आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरही इतक्या सोवळ्या नव्हत्या गं.

"सरी, बरं तर," म्हटले. बुड्या घेतल्या आणि तशीच नऊवारीचा काचा मारून मधल्या खडकापर्यंत पोहत गेले. नावाडी टाळ्या पिटू लागला, सूनबाई रडू लागली. प्राणेश साहेबांना सांगत होता, "माफ करा सर, आईचं डोकं हल्ली स्वल्प फिरलंय." पाण्यावरून आवाज किती स्पष्ट येतो, हे तो विसरला. त्याला पोहायला मीच शिकवले होते, अक्का.

तेव्हापासून घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात, आजाऱ्याशी बोलावे तसे.

तुझ्या मळ्यातल्या विहिरीला पाणी आहे ना? मुलांना आशीर्वाद. मी येते आहे, परतीचे तिकीट न काढता.

तुझी,
अहल्या